आपलीच माणसं उलटली तर नेता खुर्ची कशी टिकवतो? १९६९ ची काँग्रेस फूट, सोप्या भाषेत

पक्षात बंड झालं की आपण सगळे पहिला प्रश्न विचारतो, किती जण फुटले? टीव्हीवर आकडा येतो, कोण कुठल्या हॉटेलात गेलं ते येतं, आणि त्या आकड्यावरून आपण ठरवून टाकतो की नेता संपला का वाचला. पण त्या आकड्याच्या आधी एक प्रश्न असतो जो फारसा कोणी विचारत नाही, की मोजणी नक्की कुठे होणारे? म्हणजे कोणत्या खोलीत, कोणत्या लोकांमध्ये, कोण मोजणार? माझं मत असं झालंय की बंडात वाचलेला नेता बहुतेक वेळा बंडखोरांना पटवून वाचलेला नसतोच, तो मोजणीची जागा बदलून वाचलेला असतो.

आपल्याकडे साखर कारखान्याचं राजकारण बघितलेल्याला हे लगेच कळेल. संचालक मंडळात निम्म्याहून जास्त संचालक चेअरमनच्या विरोधात गेले, तर मंडळाच्या मीटिंगमध्ये तो हरणार हे नक्की. मग मुरलेला चेअरमन काय करतो, त्या संचालकांच्या घरी चकरा मारत बसत नाही, तो उसाला वाढीव भाव जाहीर करतो आणि विषय सभासदांच्या सर्वसाधारण सभेत नेतो. आता अडचण संचालकांची होते, कारण पुढच्या निवडणुकीत त्यांनाही त्याच सभासदांपुढे हात जोडून उभं राहायचंय, आणि भावाला विरोध केला असं नाव झालं की गेलेच.

हाच खेळ देशाच्या पातळीवर सगळ्यात मोठा आणि सगळ्यात उघडपणे झाला तो १९६९ मध्ये, इंदिरा गांधी विरुद्ध काँग्रेसचे जुने पुढारी. आपल्याकडे आणीबाणीवर भरपूर बोललं जातं पण १९६९ वर फार कमी, आणि मला वाटतं आजचं भारतातलं पक्षीय राजकारण, विशेषतः महाराष्ट्रातलं, समजून घ्यायचं असेल तर १९६९ जास्त महत्त्वाचं आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. जानेवारी १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्री ताश्कंदला वारले. पंतप्रधान कोण करायचा हे तेव्हा पक्षातल्या चार-पाच बड्या लोकांच्या हातात होतं, त्यांना पेपरवाले सिंडिकेट म्हणायचे: तामिळनाडूचे कामराज, कर्नाटकचे निजलिंगप्पा, बंगालचे अतुल्य घोष, आंध्रचे संजीव रेड्डी आणि आपल्या मुंबईचे स. का. पाटील. त्यांना मोरारजी देसाई नको होते, कारण मोरारजी कुणाचं ऐकणारे नव्हते. इंदिराबाई ऐकतील असा त्यांचा अंदाज. त्यांनी इंदिराबाईंना उभं केलं आणि काँग्रेसच्या खासदारांच्या मतदानात ३५५ विरुद्ध १६९ अशा त्या जिंकल्या. पुढे लोहियांनी त्यांना 'गूंगी गुडिया' म्हटलं ते याच काळात. म्हणजे सुरुवातीला त्यांची सत्ता पूर्णपणे उधारीची होती, ज्यांनी बसवलं ते उठवूही शकत होते.

मग १९६७ ची निवडणूक आली. काँग्रेसला ५२० पैकी फक्त २८३ जागा, कितीतरी राज्यांत सत्ता गेली. पण त्या निवडणुकीत एक वेगळीच गोष्ट झाली, बसवणारेच पडले. कामराज स्वतःच्या विरुधुनगरमध्ये एका विद्यार्थी नेत्याकडून हरले, अतुल्य घोष हरले, आणि स. का. पाटील, ज्यांना मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हणायचे, ते दक्षिण मुंबईत तरुण जॉर्ज फर्नांडिसांकडून पडले. संघटनेवरची त्यांची पकड मात्र तशीच राहिली. हे इथे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभंय. पक्षाची ऑफिसं, कमिट्या, तिकीट वाटप, पैसा हे सिंडिकेटकडे होतं, पण त्यांना लोकांनी नाकारलंय हे सगळ्या खासदारांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं आणि नवा राष्ट्रपती कोण यावर भांडण उघड्यावर आलं. आज आपल्याला वाटेल की राष्ट्रपतीपदावरून एवढं काय. पण तेव्हाचा हिशोब असा होता की पुढच्या निवडणुकीत काँग्रेसला बहुमत नाही मिळालं, किंवा मधेच खासदारांमध्ये गोंधळ झाला, तर सरकार बनवायला कोणाला बोलवायचं हे राष्ट्रपती ठरवणार. तिथे सिंडिकेटचाच माणूस बसला तर इंदिराबाईंची खुर्ची कधीही ओढता येणार होती. सिंडिकेटने संजीव रेड्डींचं नाव पुढे केलं. १२ जुलैला बंगलोरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात यावर मतदान झालं, मंडळ आठ जणांचं, आणि तिथे इंदिराबाई हरल्या. त्यांनी जगजीवनराम यांचं नाव सुचवलं होतं, ते पडलं. आणि रेड्डींच्या बाजूने मत देणाऱ्यांत त्यांचेच गृहमंत्री होते, यशवंतराव चव्हाण.

म्हणजे बघा, देशाची पंतप्रधान आपल्याच पक्षाच्या आठ जणांच्या खोलीत उघडपणे हरलेली आहे. अशा वेळी बहुतेक नेते दोनपैकी एक करतात, गप्प बसून वेळ काढतात किंवा चिडून राजीनामा देतात. इंदिराबाईंनी पुढच्या सात दिवसांत जे केलं ते मी परत परत वाचलंय आणि दर वेळी मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो.

१६ जुलैला त्यांनी मोरारजींकडून अर्थखातं काढून घेतलं. मोरारजी तेव्हा उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री होते, अपमान झाला म्हणून त्यांनी राजीनामा दिला. कारण काय दिलं, तर आर्थिक धोरणावर मतभेद, बँकांचं राष्ट्रीयीकरण मोरारजींना मान्य नव्हतं. आता खरं भांडण राष्ट्रपतीपदाचं होतं, त्यात बँकांचा काय संबंध? पण इथेच सगळी खोच आहे. 'माझ्या उमेदवाराला तिकीट दिलं नाही' हे भांडण घेऊन लोकांपुढे जाता येत नाही, ते पक्षाच्या आतलं भांडण राहतं आणि पक्षाच्या आत त्या हरणारच होत्या. 'बँका मूठभर श्रीमंतांच्या हातात आहेत आणि मला त्या सामान्य माणसाला द्यायच्यात, पण हे लोक आडवे येतायत' हे भांडण मात्र चौकाचौकात नेता येतं. त्यांचे सचिव पी. एन. हक्सर यांचा सल्ला साधारण हाच होता, भांडण माणसांचं दिसू देऊ नका, विचारांचं दिसू द्या.

आणि १९ जुलैला वटहुकूम काढून १४ मोठ्या खाजगी बँका सरकारी केल्या, ५० कोटींच्या वर ठेवी असलेल्या. त्यात सेंट्रल बँक होती, बँक ऑफ इंडिया होती, आणि पुण्यात सुरू झालेली आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. दोनच दिवसांनी संसदेचं अधिवेशन सुरू होणार होतं पण तेवढंही थांबल्या नाहीत. वटहुकमावर सही केली ती हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी, आणि दुसऱ्या दिवशी गिरींनी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून राष्ट्रपतीपदाला उभं राहायची तयारी केली. बंगलोरची हार ते बँका, मधे फक्त एक आठवडा.

बँक राष्ट्रीयीकरण चांगलं का वाईट हा वेगळा विषय आहे, गावोगाव शाखा गेल्या हेही खरं आणि नंतर कर्जांत राजकीय ढवळाढवळ झाली हेही खरं. इथे आपला मुद्दा फक्त एवढाच की त्याने मोजणीची जागा कशी बदलली. वटहुकूम निघाल्यावर दिल्लीत इंदिराबाईंच्या घरासमोर गर्दी व्हायला लागली, टॅक्सीवाले, रिक्षावाले, छोटे दुकानदार, कामगार, रोज येऊन घोषणा देऊन जायचे. यातली काही गर्दी जमवलेली होती, यात मला तरी शंका नाही, राजकारणात तसं होतंच. पण ती गर्दी कोणासाठी होती? त्या टॅक्सीवाल्याला राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत नव्हतं, काँग्रेसच्या कमिटीत मत नव्हतं. ती गर्दी होती काँग्रेसच्या खासदारांनी बघावी म्हणून.

खासदार हा काय विचार करतो हे समजलं की सगळं समजतं. साधा काँग्रेसचा खासदार, समजा बिहारचा किंवा मराठवाड्यातला, त्याला सिंडिकेटचं प्रेम नव्हतं आणि इंदिराबाईंचंही नव्हतं. त्याला दोन गोष्टी हव्या असतात, पुढच्या वेळी तिकीट आणि पुढच्या वेळी विजय. १९६७ पर्यंत तिकीट सिंडिकेट देत होतं आणि विजय नेहरूंच्या काळातल्या पुण्याईवर मिळत होता. आता ती पुण्याई संपल्याचं १९६७ ने दाखवून दिलं. मग तिकीट देणारा मोठा का मत आणणारा मोठा? घरासमोरची गर्दी त्याला सांगत होती की मत आणणारी ही बाई आहे. शिवाय असा खासदार एकटा निर्णय घेत नाही, तो बाकीच्यांकडे बघत असतो, बाकीचे त्याच्याकडे बघत असतात, सगळ्यांना जिंकणाऱ्या बाजूला राहायचं असतं पण जिंकणारी बाजू कोणती हे बाकीचे कुठे जातात त्यावरच ठरतं. त्यामुळे बंडाच्या काळात खरी ताकद जेवढी असते त्यापेक्षा ताकद आहे असं सगळ्यांना वाटणं महत्त्वाचं होऊन बसतं.

आता यशवंतरावांकडे येतो, कारण मराठी वाचकाला हा भाग जास्त जवळचा. त्यांनी मंडळात इंदिराबाईंच्या विरुद्ध मत दिलं होतं. मोरारजींचं खातं गेलं, पण चव्हाणांना हात लावला नाही, गृहखातं त्यांच्याकडेच राहिलं. का? मोरारजींच्या मागे खासदारांचा तेवढा मोठा गट उरला नव्हता आणि बँकांच्या प्रश्नावर ते उघड विरोधात होते, त्यामुळे त्यांना काढल्याने फायदाच झाला. चव्हाणांच्या मागे महाराष्ट्राचे खासदार होते आणि बँक राष्ट्रीयीकरणाला त्यांचा पाठिंबा होता. म्हणजे बंडखोरांची फळी एकसंध आहे असं मानलंच नाही, एकाला शिक्षा केली आणि दुसऱ्याला परत यायला दार उघडं ठेवलं. सगळ्यांना एकदम शिक्षा केली असती तर ते सगळे एकत्र राहिले असते. चव्हाणांनी पुढे दोन्ही बाजूंत समेट व्हावा म्हणून खटपट केली आणि शेवटी फूट झाली तेव्हा ते इंदिराबाईंबरोबर राहिले. पण हिशोब विसरला गेला नव्हता. जून १९७० मध्ये, धोका टळल्यावर, गृहखातं इंदिराबाईंनी स्वतःकडे घेतलं आणि चव्हाणांना अर्थखात्यात पाठवलं.

राष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीकडे परत. रेड्डी पक्षाचे उमेदवार म्हणून त्यांच्या अर्जावर इंदिराबाईंनीच सही केली होती, त्यामुळे उघड विरोध करता येत नव्हता, काहीतरी निमित्त हवं होतं. ते निमित्त सिंडिकेटनेच दिलं. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले. या पक्षांचा उमेदवार वेगळा होता, आणि तो कोण, तर आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या मंत्रिमंडळातून राजीनामा दिलेले सी. डी. देशमुख. संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी मंत्रिपद सोडलं हे सगळ्यांना माहीत असतं, १९६९ ला ते राष्ट्रपतीपदाला उभे होते हे आपल्याकडेही अनेकांना माहीत नसतं. निजलिंगप्पांची मागणी अशी की तुमचं पहिलं मत देशमुखांना द्या, पण दुसऱ्या पसंतीचं रेड्डींना द्या. इंदिराबाईंच्या लोकांनी लगेच ओरड केली की पक्षाध्यक्ष उजव्या पक्षांशी हातमिळवणी करतायत, हे सगळं सरकार पाडायचं कारस्थान आहे, आणि अशा परिस्थितीत आम्ही पक्षादेश काढणार नाही, प्रत्येकाने आपल्या अंतरात्म्याच्या आवाजाप्रमाणे मत द्यावं.

१६ ऑगस्टला मतदान झालं, २० ला निकाल. पहिल्या पसंतीत कोणालाच पुरेशी मतं मिळाली नाहीत. गिरी ४ लाख १ हजार ५१५, रेड्डी ३ लाख १३ हजार ५४८, देशमुख १ लाख १२ हजार ७६९. मग बाद झालेल्या उमेदवारांच्या दुसऱ्या पसंतीची मतं मोजली आणि शेवटी गिरी ४ लाख २० हजार ७७, रेड्डी ४ लाख ५ हजार ४२७. यात आमदार-खासदारांच्या मताला ठरावीक मूल्य असतं, त्या हिशोबाने हा फरक साधारण २५ खासदारांच्या मतांएवढा, एवढं काठावरचं होतं ते. आणि आकडे नीट बघितले तर कळतं की निजलिंगप्पांची खटपट यशस्वी झाली होती, रेड्डींना दुसऱ्या पसंतीतून जवळजवळ ९२ हजार मतमूल्य मिळालं, गिरींना जेमतेम साडेअठरा हजार. पण ती ९२ हजार मिळवण्यासाठी जी भेट घेतली त्या भेटीनेच काँग्रेसच्या आमदार-खासदारांना पक्षाचा उमेदवार सोडायची सबब मिळाली. मिळवलं त्यापेक्षा गमावलं जास्त.

या निवडणुकीचा दुसरा उपयोग असा झाला की ती एक गुप्त रंगीत तालीम होती. मतदान गुप्त, पक्षादेश नाही, पक्षांतरबंदीचा कायदा तर तेव्हा नव्हताच, तो १९८५ ला आला. त्यामुळे खासदाराला काहीही जोखीम न घेता बाजू बदलून बघता आली, आणि निकाल लागल्यावर सगळ्यांना कळलं की आपल्यासारखे बरेच आहेत. त्यानंतर उघडपणे बाजू घ्यायला भीती उरली नाही.

पुढचं मग वेगाने झालं. १ नोव्हेंबरला काँग्रेस कार्यकारिणीच्या एकाच दिवशी दोन बैठका, एक पक्षाच्या ऑफिसात आणि एक पंतप्रधानांच्या घरी, सदस्य निम्मे इथे निम्मे तिथे. १२ नोव्हेंबरला निजलिंगप्पांनी इंदिराबाईंना पक्षातून काढून टाकलं. पंतप्रधानालाच पक्षातून काढलं! कागदावर हे सिंडिकेटचं शेवटचं हत्यार होतं, पण तोपर्यंत मोजणी दुसरीकडे गेली होती. इंदिराबाईंनी काँग्रेस खासदारांची बैठक बोलावली आणि ४२९ पैकी ३१० जण आले. मग त्यांच्या गटाने महासमितीचं, म्हणजे अखिल भारतीय काँग्रेस कमिटीचं, अधिवेशन दिल्लीत घेतलं, तिथे ७०५ पैकी ४४६ सदस्य आले. म्हणजे जी संघटना सिंडिकेटचा बालेकिल्ला समजली जात होती तिथेही बहुमत फिरलं होतं.

तरी लोकसभेत सरकार अल्पमतात गेलं, त्यांच्याकडे साधारण २२० खासदार राहिले. इथे त्यांनी बाहेरून आधार घेतला, कम्युनिस्ट पक्षाचा आणि द्रमुकचा. द्रमुकने का दिला? कारण द्रमुकने १९६७ ला कामराजांनाच तामिळनाडूत हरवलं होतं, त्यांचा खरा शत्रू कामराज होता, आणि कामराज आता इंदिराबाईंच्या विरोधात. आपल्या बंडखोरांचे त्यांच्या गावात जे विरोधक असतात ते अशा वेळी नेत्याच्या कामी येतात, हे पुढेही कितीतरी वेळा दिसलंय.

फेब्रुवारी १९७० मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकांचा कायदा रद्द केला, इंदिराबाईंनी चार दिवसांत नवा वटहुकूम काढला. संस्थानिकांचे तनखे बंद करायचं विधेयक राज्यसभेत अगदी थोडक्यात पडलं, राष्ट्रपतींचा आदेश काढला तर तोही कोर्टाने रद्द केला. प्रत्येक अडथळा त्यांना एकच वाक्य बोलायची संधी देत होता, की मी गरिबांसाठी करतेय आणि हे करू देत नाहीयेत. आणि डिसेंबर १९७० अखेर लोकसभा बरखास्त करून त्या निवडणुकीला सामोऱ्या गेल्या, मुदतीच्या एक वर्ष आधी.

हे एक वर्ष आधी का, हा मला सगळ्या कथेतला सगळ्यात कमी चर्चा झालेला डाव वाटतो. तोपर्यंत लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका बहुतेक ठिकाणी एकत्र व्हायच्या. एकत्र झाल्या की मतदार गावातल्या पुढाऱ्याकडे, जातीकडे, रस्त्या-विहिरीकडे बघून मत देतो, आणि हे सगळं जुळवून आणणारा माणूस म्हणजे राज्यातला बडा पुढारी. लोकसभा वेगळी काढली की मधला माणूस गळून पडतो, प्रश्न एकच उरतो, ही बाई हवी का नको. विरोधकांनी 'इंदिरा हटाओ' म्हणून तो प्रश्न आणखी सोपा करून दिला, इंदिराबाईंनी उत्तर दिलं 'गरीबी हटाओ'. ५१८ पैकी ३५२ जागा, एकट्या महाराष्ट्रात ४५ पैकी ४२. सिंडिकेटच्या काँग्रेसला सगळ्या देशात १६.

आठ जणांच्या खोलीत हरलेली व्यक्ती २० महिन्यांत इथे पोचली. आठ जण, मग आमदार-खासदार, मग महासमिती, मग सगळा देश, प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा मोठ्या आणि स्वतःला जास्त सोयीच्या ठिकाणी मोजणी.

असं सगळ्यांना जमतं का? नाही. दहा वर्षांनी मोरारजींवर तीच वेळ आली. जुलै १९७९, ते जनता पक्षाचे पंतप्रधान, पक्षातले लोक रोज सोडून जातायत, आणि अविश्वास ठराव मांडला कोणी, तर यशवंतराव चव्हाणांनी, ते तेव्हा विरोधी काँग्रेसमध्ये होते. मोरारजींनी ठरावाला सामोरं न जाता १५ जुलैला राजीनामा दिला. मोरारजी प्रामाणिक होते, शिस्तीचे होते, पण खासदारांच्या पलीकडे त्यांना न्यायला दुसरी मोजणीच नव्हती. लोकांनी जनता पक्षाला मत दिलं होतं ते आणीबाणीच्या रागाने आणि जयप्रकाशांकडे बघून, मोरारजींसाठी नाही. लोकसभेत गणित चुकल्यावर ते कुठे जाणार होते?

उलट इंदिराबाईंनी तोच डाव दुसऱ्यांदा खेळून दाखवला. १९७७ ला त्या स्वतः रायबरेलीत हरल्या, पक्ष ब्रह्मानंद रेड्डी आणि चव्हाण यांच्याकडे गेला, पक्षातल्या बहुतेक बड्या लोकांना त्या नकोशा झाल्या. ऑगस्ट १९७७ मध्ये त्या बिहारमधल्या बेलछीला गेल्या, दलितांचं हत्याकांड झालं होतं तिथे, पावसापाण्यातून, शेवटी हत्तीवर बसून. जानेवारी १९७८ ला पुन्हा पक्ष फोडला, हाताचा पंजा हे चिन्ह घेतलं, आणि १९८० ला ३५३ जागा.

पण याची किंमत मोजावी लागते आणि ती किंमत मला खरंच मोठी वाटते. १९६९ वरून त्यांनी एक गोष्ट शिकून घेतली, की ज्या पुढाऱ्याला स्वतःचा पाया आहे तो उद्याचा सिंडिकेट. मग असा पाया कुणाचा तयारच होऊ द्यायचा नाही. काँग्रेसमध्ये १९७२ नंतर संघटनेच्या निवडणुका थेट १९९२ ला झाल्या, मधली २० वर्षं नेमणुका. मुख्यमंत्री दिल्लीतून ठरायला लागले. वसंतराव नाईक ११ वर्षांहून जास्त मुख्यमंत्री होते, त्यांना फेब्रुवारी १९७५ मध्ये बदललं, शंकरराव चव्हाण आले, पुढे १९८० ला अंतुले, १९८२ ला बाबासाहेब भोसले, सगळी नावं दिल्लीहून. नाईकांनंतर पाच वर्षांची पूर्ण टर्म एकाच मुख्यमंत्र्याने पुरी केली ती थेट २०१९ ला, देवेंद्र फडणवीसांनी.

मधली फळी काढून टाकली की बंड करायला कोणी उरत नाही, पण राग अडवायलाही कोणी उरत नाही. १९७४ ला गुजरात आणि बिहारमध्ये आंदोलनं पेटली तेव्हा राज्यातल्या पुढाऱ्याने मिटवावं असा कोणी तिथे नव्हताच, लोकांचा सगळा संताप थेट पंतप्रधानांवर. आणि ज्या तरुण खासदारांनी १९६९ ला त्यांच्यासाठी रान उठवलं, चंद्रशेखर, आपले पुण्याचे मोहन धारिया, त्यांनीच आता जयप्रकाशांशी बोला म्हणून सांगितलं. धारियांना मार्च १९७५ मध्ये मंत्रिमंडळातून काढलं, आणीबाणीत दोघेही तुरुंगात. या वेळी इंदिराबाईंनी मोजणी मोठ्या ठिकाणी नेली नाही, मोजणीच बंद केली. १९६९ आणि १९७५ मधला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि दोन्हीला एकच 'धडाडी' म्हणून कौतुक करणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

शेवटी चिन्हाचं, कारण त्याचा धागा सरळ आपल्या दारापर्यंत येतो. फुटीनंतर बैलजोडी कोणाची हा वाद झाला, १९७१ ला ती दोघांनाही मिळाली नाही, इंदिराबाई गाय-वासरावर लढल्या. त्या वादावर निवडणूक आयोगाने बहुमताची कसोटी लावली, लोकप्रतिनिधींत आणि संघटनेत बहुमत कोणाचं, आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सादिक अली खटल्यात ती कसोटी मान्य केली. शिवसेनेच्या वादात १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगाने याच निकालाचा आधार घेतला. पण आयोगाने म्हटलं की पक्षाच्या घटनेत अंतर्गत लोकशाहीच उरलेली नाही, पदाधिकारी नेमलेले आहेत, त्यामुळे संघटनेतलं बहुमत मोजून काही निष्कर्ष काढता येत नाही, आणि मग आमदार-खासदारांच्या संख्येवर निकाल देऊन नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं. पुढच्या वर्षी राष्ट्रवादीच्या वादातही संघटनेची मोजणी भरवशाची नाही म्हणून विधिमंडळातल्या संख्येवरच निकाल झाला आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाकडे गेलं. १९६९ ला इंदिराबाईंना महासमितीचे ४४६ सदस्य मोजून दाखवता आले, कारण तेव्हा काँग्रेसमध्ये महासमितीला निवडणूक होत होती. पक्षात खालपासून वरपर्यंत सगळ्या नेमणुकाच असल्या की अशी मोजणी मागायची सोय नेत्याला उरत नाही, आणि २०२२ नंतर मुंबईत उद्धव ठाकरे आणि शरद पवार या दोघांनाही आयोगापुढे नेमकी तीच अडचण आली.